मागाहून घेतलेली संमती

स्टॅन्ली मिल्ग्रम यांचे ‘ओबीडिअन्स टु ऑथॉरिटी’ हे पुस्तक १९७४ साली न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाले. अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवण्याच्या माझ्या सबंध नोकरीत या पुस्तकातला प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगत आलो. तास हमखास रंगायचा. घंटा झाली तरी मुले उठत नसत. पुस्तक मात्र मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले ते निवृत्तीनंतर. ज्या पुस्तकाच्या जोरावर इतकी वर्षे वर्ग जिंकले ते आपण पुरते वाचलेलेच नव्हते, हे कबूल करताना संकोच होतो. पण हा लेख त्या संकोचातूनच निघाला आहे, तेव्हा तो आरंभीच सांगून टाकलेला बरा.

मी वर्गात सांगत असे तो प्रयोग. सांगत नसे ते या पुस्तकाचे पहिले परिशिष्ट. संशोधनातील नैतिक प्रश्नांविषयीचे हे परिशिष्ट मुख्य ग्रंथ संपल्यावर येते, आणि परिशिष्टे वाचण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. माझे म्हणणे असे की, या पुस्तकाचा खरा निवाडा त्या मागच्या पानांतच होतो. आणि तो लेखकाच्या बाजूने होत नाही.

१

ज्यांना हा प्रयोग ठाऊक नाही त्यांच्यासाठी तो थोडक्यात सांगतो. १९६१ साली अमेरिकेतील न्यू हेवन या गावच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. स्मरणशक्ती आणि शिक्षण यांच्या अभ्यासासाठी येल विद्यापीठाला माणसे हवी आहेत. तासाभराच्या कामाचे ४ डॉलर आणि येण्याजाण्याचे ५० सेंट मिळतील. कारखान्यातले कामगार, कारकून, न्हावी, फिरते विक्रेते अशी २० ते ५० वयाची साधी माणसे त्यासाठी आली. आल्याबरोबर पैसे हातात दिले जात आणि पुढे काहीही झाले तरी हे पैसे तुमचेच, असेही सांगितले जाई. तेव्हा पैशासाठी कोणी बांधले गेले होते असे म्हणता येत नाही.

खोलीत आणखी एक गृहस्थ असत. सत्तेचाळीस वर्षांचे, हिशेबनीस, स्वभावाने गरीब वाटणारे. दोघांत चिठ्ठ्या टाकल्या जात. एकाने शिक्षक व्हायचे, दुसऱ्याने विद्यार्थी. चिठ्ठ्या दोन्ही ‘शिक्षका’च्याच असत, कारण ते हिशेबनीस मिल्ग्रम यांचेच माणूस होते. त्यांना शेजारच्या खोलीत खुर्चीला बांधले जाई. शिक्षकापुढे ३० खटक्यांचे यंत्र. पहिला खटका १५ व्होल्टचा, शेवटचा ४५० चा. विद्यार्थी चुकला की विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला एक खटका पुढे सरकायचे. पलीकडून आधी कण्हणे, १५० व्होल्टला सोडवण्याची विनवणी, मग किंकाळ्या, आणि ३३० नंतर संपूर्ण शांतता. हे सगळे आधी ध्वनिफितीवर भरून ठेवलेले. झटका कोणालाच बसत नव्हता. शिक्षक घुटमळला की करड्या अंगरख्यातला प्रयोगकर्ता त्याला चार ठरलेल्या वाक्यांनी पुढे ढकलत असे. पहिले वाक्य आर्जवाचे, चौथे वाक्य असे की तुम्हाला दुसरा पर्यायच नाही.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधात ४० जणांची हकिगत आहे. त्यांतले २६ जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. मिल्ग्रम यांनी काही मनोविकारतज्ज्ञांना आधीच अंदाज विचारला होता. त्यांच्या मते हजारात एखादाच तिथवर जाईल. प्रयोग सुरू झाला त्या १९६१ साली जेरुसलेममध्ये आइकमनवर खटला चालू होता. हुकूम होता म्हणून मी केले, हे त्याचे उत्तर जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून येत होते. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू आईबापांच्या पोटी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जन्मलेल्या या तरुण संशोधकाला, तसे उत्तर कोणाच्या तोंडी येऊ शकते हे शोधायचे होते. हेतू क्षुद्र नव्हता, हे पहिल्यांदा मान्य केले पाहिजे.

२

पुस्तक म्हणून याचे सामर्थ्य आकडेवारीत नाही, माणसांत आहे. मिल्ग्रम यांना माणूस शब्दांत उभा करता येत होता. नावे बदलून त्यांनी काही जणांची संभाषणे आणि वागणे पानेच्या पाने टिपले आहे. पन्नाशीतला बेकार गृहस्थ प्रोझी. पलीकडच्या माणसाला काही झाले तर जबाबदार कोण, असे पुन्हा पुन्हा विचारतो, आणि जबाबदारी माझी, असे प्रयोगकर्त्याने म्हटल्यावर पुढचा खटका दाबतो. एकोणचाळीस वर्षांचा समाजसेवक ब्रेव्हरमन. किंकाळ्या ऐकून त्याला हसू आवरत नाही, ते हसू त्याला स्वतःलाच भयंकर वाटते, आणि तरी हात चालू राहतो. वर्षभराने आलेल्या त्याच्या उत्तरात असे आहे की, घरी ही हकिगत ऐकून त्याच्या बायकोने त्याला आइकमनचीच उपमा दिली.

थांबलेली माणसेही आहेत. जर्मनीत वाढलेली आणि पाचेक वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेली ग्रेचेन ब्रँट २१० व्होल्टला थांबते. आवाज चढत नाही, हात थरथरत नाही. आपण दोघेही स्वेच्छेने इथे आलो आहोत, त्याची इच्छा आता राहिलेली नाही, एवढेच तिचे म्हणणे. सगळेच असे वागतील असे आपल्याला आधी वाटले होते, असे मिल्ग्रम तिच्याविषयी लिहितात. मूळचा हॉलंडचा असलेला एक अभियंता, पर्याय नाही हे वाक्य ऐकताच, मला पर्याय आहे, असे सांगून उठतो. आणि तिथवर दिलेल्या झटक्यांची जबाबदारी कोणाची, असे विचारल्यावर ती स्वतःकडे घेतो. ही दोन-तीन पाने चांगल्या एकांकिकेच्या तोडीची आहेत.

आणि नेमकी इथेच वाचकाची फसगत होते. माझी झाली, माझ्या वर्गांची झाली. आपण हे नाटकासारखे वाचतो आणि नट कोण, प्रेक्षक कोण, याचा विसर पडतो. नाटकातल्या नटाला आपण नाटकात आहोत हे ठाऊक असते. इथे ते ठाऊक होते फक्त खुर्चीतल्या हिशेबनिसाला आणि करड्या अंगरख्याला. खोटा होता तो विजेचा झटका. प्रोझीचा घाम खरा होता. पहिल्या निबंधातच मिल्ग्रम यांनी नोंदवले आहे की, काहींचे ओठ चावले गेले, काहींची नखे तळव्यांत रुतली, १४ जणांना चमत्कारिक हसू फुटले आणि तिघांना तर आवरता न येणारे झटके आले. आत्मविश्वासाने आलेला एक व्यवसायी वीस मिनिटांत कसा कोलमडला याचे वर्णनही त्यात आहे. वर्णन चांगले आहे. पण वर्णन करणाऱ्याने त्याच वेळी दार उघडून आत जायला हवे होते, असे माझ्या मनात एकाही वर्षी आले नाही.

३

ते डायना बाउमरिंड यांच्या मनात आले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मुलांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या या विदुषींनी १९६४ साली ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मध्ये एक छोटा लेख लिहिला. प्रयोगशाळेत येणारा माणूस परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा असतो. काय बोलावे, कसे वागावे हे तो यजमानाकडे पाहून ठरवतो. तो तिथे आज्ञाधारक असतो, कारण त्याने विश्वास टाकलेला असतो. त्या विश्वासाचाच सापळा करायचा, मग सापडलेल्या माणसाला तुझ्यात हा दोष आहे असे दाखवायचे आणि शेवटी एक खुलासा करून घरी पाठवायचे, हे त्यांना मान्य नव्हते. अशाने माणसाची स्वतःविषयीची समजूत आणि पुढे कोणावर विश्वास टाकण्याची त्याची शक्ती, दोन्हींना इजा होऊ शकते असे त्यांनी लिहिले.

मिल्ग्रम यांनी त्याच वर्षी उत्तर दिले आणि दहा वर्षांनी पुस्तकाच्या परिशिष्टात ते विस्ताराने मांडले. त्यांचे मुद्दे टाकाऊ नाहीत. इतका ताण येईल याची आधी कोणालाच कल्पना नव्हती, हे खरे. सगळेच जर १५० व्होल्टला उठून गेले असते तर या प्रयोगाला कोणी अनैतिक म्हटले असते काय, हा त्यांचा प्रतिप्रश्नही बोचरा आहे. आपला राग प्रयोगावर आहे की त्याने दाखवलेल्या आरशावर, हे प्रत्येक टीकाकाराने स्वतःला विचारायला हवे. मीही विचारले.

पण त्यांचा मुख्य आधार वेगळाच आहे. प्रयोगानंतर त्यांनी सर्वांना एक अहवाल आणि त्यासोबत एक प्रश्नावली पाठवली. उत्तर देणाऱ्यांपैकी ८४ टक्के लोकांनी, भाग घेतल्याचा आनंद वाटतो, असे कळवले. खेद वाटतो म्हणणारे दीड टक्काही भरले नाहीत. यावरून मिल्ग्रम सांगतात की, ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांनाच तो मान्य असेल तर हेच त्याचे मुख्य नैतिक समर्थन होय.

परिशिष्टातले हे पान मी दोनदा वाचले, आणि मग पुस्तक मिटून मागचा सगळा ग्रंथ आठवून पाहिला. मागची सारी प्रकरणे काय सिद्ध करतात? साधा सज्जन माणूस विद्यापीठाच्या अधिकारापुढे ‘नाही’ म्हणू शकत नाही; मनातून नको असतानाही तो ‘हो’ म्हणतो; आणि केलेल्या गोष्टीचे ओझे तो अधिकाऱ्याच्या थोर हेतूवर टाकून मोकळा होतो. बरे, ही प्रश्नावली कोणी पाठवली? त्याच विद्यापीठाने. सोबतचा अहवाल काय सांगत होता? या प्रयोगाने विज्ञानाची केवढी सेवा झाली ते. समोर माणूस किंचाळत असताना ज्याला ‘नाही’ म्हणता आले नाही, तो घरी आलेल्या छापील कागदावर मात्र अगदी निर्भयपणे मन मोकळे करील, असे मानायचे काय?

मिल्ग्रम यांना यातून दोनच वाटा आहेत. माणसे अधिकारापुढे वाकतात हा त्यांचा सिद्धांत खरा असेल, तर त्या ८४ टक्क्यांचे वजन फार राहत नाही. ते ८४ टक्के स्वतंत्र बुद्धीने बोलले असे धरले, तर सिद्धांताचे वजन कमी होते. ग्रंथ आणि परिशिष्ट दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. इतक्या तल्लख लेखकाच्या हे ध्यानात आले नाही, याचे कारण मला असे दिसते की, अधिकार म्हटला की त्यांना लष्कर दिसत होते, सरकार दिसत होते, करडा अंगरखा घातलेला आपला मदतनीससुद्धा दिसत होता. प्रश्नावली लिहिणारा आपला स्वतःचा हात तेवढा दिसत नव्हता.

त्यांच्या बाजूचा एक पुरावा मी दडवून ठेवीत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७० साली, एका जुन्या सहभागी तरुणाने त्यांना पत्र लिहिले. सदसद्विवेकाच्या कारणावरून आपण सैन्यात जायला नकार देत आहोत आणि या विचाराला त्या प्रयोगाने बळ दिले, असे त्याचे सांगणे. पत्र मनाला भिडणारे आहे. कोणाचे भले झाले असेल तर ते झालेच. परंतु औषध गुणकारी ठरले म्हणून ते न विचारता पाजण्याचा हक्क मिळत नाही. मागाहून मिळालेली संमती ही क्षमा असते. आणि क्षमा करणे हा समोरच्याचा मोठेपणा आहे, त्यावर आपला दावा सांगता येत नाही.

४

परिशिष्टातले चित्र पुरते नव्हते हे पुढे उघड झाले. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जिना पेरी यांनी येलमध्ये जपून ठेवलेली कागदपत्रे चाळली, जुन्या ध्वनिफिती ऐकल्या, हयात असलेल्या काही सहभागींना त्या भेटल्या, आणि २०१२ साली ‘बिहाइंड द शॉक मशीन’ हे पुस्तक लिहिले. त्यांना आढळले ते असे. प्रयोग संपताच सर्वांना खरा प्रकार सांगितला गेला अशी आपली समजूत. प्रत्यक्षात बऱ्याच जणांना, तो माणूस ठीक आहे, झटके वाटले तितके जोराचे नव्हते, एवढेच सांगून घरी धाडले होते. झटके मुळात नव्हतेच, हे त्यांना काही महिन्यांनी टपालाने कळले. तोवर त्या माणसाचे काय झाले असेल, हे मनात घेऊन ते वावरले. प्रयोगकर्ता चार वाक्यांवर थांबत नव्हता, आपल्या पदरची वाक्ये जोडून तो लोकांना कितीतरी वेळा परत ओढत होता, असेही त्या ध्वनिफितींतून निघाले. आणि मित्रांच्या किंवा नातलगांच्या जोड्या घेऊन, एकाने दुसऱ्याला झटके द्यायचे, असाही एक प्रकार केला गेला होता. त्या २० जोड्यांत बहुतेकांनी साफ नकार दिला. हा प्रकार मिल्ग्रम यांनी छापलाच नाही.

पेरी यांच्या पुस्तकातही दोष आहेत. मिल्ग्रम यांच्या हेतूविषयी त्या जरा घाईने निष्कर्ष काढतात. पण त्यांनी एक काम फार मोलाचे केले: ज्यांचे नाव बदलून पात्र झाले होते त्यांना पुन्हा माणूस केले.

प्रयोगाच्या दिवशी येलने या माणसांकडून एका कागदावर सही घेतली होती, असेही मिल्ग्रम सांगतात. मी स्वेच्छेने भाग घेत असून त्यातून उद्भवणाऱ्या कायदेशीर दाव्यांपासून विद्यापीठाला मुक्त करतो, अशा अर्थाची. म्हणजे संमतीपत्र होते. फक्त ते सही करणाऱ्याच्या रक्षणासाठी नव्हते.

५

संमतीचा नियम जगाला तेव्हा ठाऊक नव्हता, असे म्हणण्याची सोय नाही. छळछावण्यांत प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना न्युरेंबर्गच्या न्यायाधीशांनी १९४७ साली दहा कलमे घालून दिली, त्यांतले पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे आहे. नाझींच्या आज्ञापालनाचा शोध घेणारा प्रयोग नाझींवरच्या निकालातले पहिले कलम बाजूला ठेवून व्हावा, यापरता दैवदुर्विलास कोणता?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने आपली पहिली आचारसंहिता १९५३ साली केली होती. मानवी सहभागींवरील संशोधनाचे खास नियम तिने १९७३ साली काढले. दरम्यान १९७२ साली अलाबामातील टस्कीगी येथला प्रकार उघडकीस आला. उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीयांना त्यांच्या रोगाचे खरे नावही न सांगता, औषध उपलब्ध झाल्यावरही ते न देता, १९३२ पासून चाळीस वर्षे नुसते पाहत राहण्यात आले होते. त्यानंतर, मिल्ग्रम यांचे पुस्तक निघाले त्याच १९७४ साली, तिथे संशोधनाविषयीचा कायदा झाला, आणि १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय अशी तीन सूत्रे सांगितली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये पहिले धोरण जाहीर केले. २००० साली मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक समाजशास्त्रीय संशोधनाची आचारसंहिता तयार झाली. परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्तनशास्त्रीय संशोधनाला स्वतंत्र विभाग आहे. माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निःपक्ष साक्षीदार हवा, असे त्यांत म्हटले आहे.

नियम झाले, हे चांगलेच झाले. पण मिल्ग्रम यांच्या ग्रंथाने शिकवलेली गोष्ट या नियमांनाही लागू आहे, आणि ती कोणी फारशी बोलत नाही. २००९ साली कॅलिफोर्नियातील जेरी बर्गर यांनी हा प्रयोग सुधारून केल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. नाजूक मनाच्या माणसांना त्यांनी आधीच वगळले, १५० व्होल्टला प्रयोग थांबवला, खुलासा लगेच केला. कधीही उठून जा, ठरलेले ५० डॉलर तुमचेच, हे प्रत्येकाला किमान तीन वेळा सांगितले, त्यांत दोनदा लेखी. तरीही ७० टक्के लोक १५० च्या पुढे जायला तयार होते. याचा अर्थ काय? जाण्याची मुभा कागदावर लिहून दिली म्हणून उठण्याचे बळ पायांत येत नाही.

आपल्यासारख्या दुभाषिक मुलखात हे पटवून द्यायला प्रयोगाची गरज नाही. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि बँकेत तिसरी, अशी आपली कागदांची दुनिया. फुली केली आहे तिथे सही करा, असे सांगितले की आपण सही करतो. अक्षर ओळखीचे नसेल तर माणसाचे तोंड पाहून करतो. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा या जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा जो प्रकल्प झाला आणि सरकारला थांबवावा लागला, त्याच्या चौकशीत हेच दिसले: खम्ममकडच्या आश्रमशाळांतील कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या नव्हे, वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. तो मानसशास्त्राचा प्रयोग नव्हता. पण संमती देणारा आणि अधिकार गाजवणारा एकच निघाला, की शास्त्र कोणते हा प्रश्न गौण ठरतो.

६

आता माझे. १९८७ साली मी एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी सातवीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. मराठी आणि कानडी शब्दांच्या याद्या पाठ करायला द्यायच्या. पहिल्या यादीनंतर निम्म्या मुलांना, तुम्हाला इतरांपेक्षा पुष्कळ कमी गुण पडले, असे सांगायचे, मग ते खरे असो वा नसो. आणि दुसऱ्या यादीवर त्याचा काय परिणाम होतो ते पाहायचे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली होती. मुलांना विचारावे हे सुचले नाही. पालकांना कळवावे हे तर त्याहून नाही. काम झाल्यावर याद्या गोळा केल्या आणि मी निघून आलो. ते गुण खोटे होते, हे सांगायला परत गेलो नाही. निष्कर्ष काय निघाला त्याला आता महत्त्व नाही. लघुप्रबंधाला पहिला वर्ग मिळाला.

महिन्याभराने यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ पत्ता शोधत घरी आले. उंबऱ्याच्या आत यायला तयार होईनात. चप्पल काढून पायरीवर उभे राहूनच म्हणाले, “सर, आमच्या पोरीचं डोकं कमी हाय म्हणून तुमच्या परीक्षेत आलंय म्हणे. खरं काय ओ?”

मी म्हणालो, “छे छे, तसं काही नाही. ती नुसती चाचणी होती. गुणांचं काही मनावर घेऊ नका.”

“ती घेतीया ओ. कानडीच्या तासाला आता तोंडच उघडत न्हाई.”

त्या वेळी मी सांगायला हवे होते की, ते गुण मी मनचे दिले होते. मी तुमच्या मुलीशी खोटे बोललो. ते मी सांगितले नाही. होईल हळूहळू ठीक, अभ्यास करून घ्या, असे काहीतरी बोललो. त्यांनी हात जोडले. “तुम्ही म्हणता म्हंजे बरोबरच असणार,” म्हणाले आणि गेले.

परिशिष्टातल्या ८४ टक्क्यांपाशी मी थबकलो तो या वाक्यामुळे. मी त्या गृहस्थांना त्या दिवशी एक प्रश्नावली दिली असती, तर माझ्या प्रयोगाबद्दल आनंद वाटतो या रकान्यात त्यांनी खूण केली असती, याविषयी मला शंका नाही. आणि ती मी लघुप्रबंधात छापलीही असती.

मराठीतल्या मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला ‘प्रयुक्त’ म्हणतात. प्रात्यक्षिकाच्या वहीत मी शेकडो वेळा हा शब्द लिहिला, तपासला. प्रयुक्त म्हणजे वापरलेला. इंग्रजीत ‘सब्जेक्ट’ जाऊन ‘पार्टिसिपंट’ आला, आपणही आता ‘सहभागी’ म्हणू लागलो. पण शब्द बदलण्याने नाते बदलत नाही. त्या वहीत एक मथळा असे: प्रयुक्ताचे आत्मनिवेदन. प्रयोग झाल्यावर त्याला काय वाटले ते त्याच्याच शब्दांत लिहायचे. विद्यार्थी तो मथळा घाईत उरकत, दोन ओळींत, बहुधा स्वतःच रचून. आणि मी त्यावर बरोबरची खूण करीत असे.

नैतिक निकष म्हणून मला आता एवढेच कळते की, समोरचा माणूस ‘नाही’ म्हणणार नाही हे धरूनच संशोधकाने सुरुवात केली पाहिजे. त्याने ‘हो’ म्हटले, सही केली, मागाहून आभारही मानले, तरी त्यातले काहीही आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरू नये. थांबण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये; दार उघडून आत जाण्याचे काम आपले. समित्या आणि संमतीपत्रे त्यासाठी हवीतच, पण ती या गोष्टीची जागा घेऊ शकत नाहीत.

मिल्ग्रम १९८४ साली अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी वारले. त्यांचे पुस्तक वाचू नये असे मी म्हणणार नाही. माणसाविषयी इतके खरे सांगणारी पुस्तके थोडी असतात, आणि आपल्या लेखकाविरुद्धही साक्ष देणारी त्याहून थोडी. ती मुलगी आज पन्नाशीला आली असेल. तिचे नाव मला आठवत नाही. लघुप्रबंधात तिचा क्रमांक तेवढा आहे. वर्ग घेण्याचे माझे दिवस संपले. आता घ्यायचा झाला असता, तर त्या तासाची सुरुवात मी परिशिष्टापासून केली असती.